ब्रिटिश पबमधलं जेवण आणि बिअर: या चुका टाळा

इंग्लंडमधल्या पारंपरिक पबात कारभार काउंटरवरून चालतो. तरी दर शनिवारी तेच चित्र दिसतं. सहाजणांचं कुटुंब पावणेदोनला येतं, टेबल धरतं आणि वेटरची वाट बघत बसतं. सव्वादोनला ‘हे लोक आपल्याला मुद्दाम टाळतायत’ अशी कुजबुज सुरू होते. अडीचनंतर एकजण तणतणत काउंटरवर जातो, तेव्हा किचन नुकतंच बंद झालेलं असतं. मग सहाजणांची दुपार क्रिस्प्स (बटाट्याचे वेफर्स) आणि खाऱ्या शेंगदाण्यांवर. टाळलं कोणीच नव्हतं, ऑर्डर द्यायलाच कोणी गेलं नव्हतं!

टेबल धरलं की त्याचा नंबर बघा. सगळ्यांचं ठरवून एकानेच काउंटरवर जा, नंबर सांगा, तिथेच पैसे द्या. जेवण टेबलावर येतं, ग्लास आपणच न्यायचे. दुपारचं किचन बऱ्याच ठिकाणी बारा ते अडीच-तीन एवढंच चालतं, म्हणून आत शिरताच वेळ विचारा. रांग दिसत नसली तरी आधी कोण आलं हे बारमागच्या माणसाला ठाऊक असतं. नोट हलवून त्याला बोलावू नका.

दुसरी चूक बिअरची. हातपंपाने ओढलेली कास्क एल (पिंपातली पारंपरिक बिअर) ‘कोमट आणि गॅस गेलेली’ म्हणून परत करणारे किंवा तिच्यात बर्फ मागणारे बघवत नाहीत. ती बिअर पिंपातच दुसऱ्यांदा आंबते, गॅस तिच्या यीस्टनेच तयार केलेला असतो. म्हणून बुडबुडे कमी. तळघरात ती ११ ते १३ अंशांवर ठेवतात, कारण त्याहून थंड केली की हॉप्सच्या फुलांचा आणि माल्टचा (मोड आणलेल्या बार्लीचा) वास दबतो. गारेगारच हवी असेल तर सरळ लागर (थंडगार, फेसाळ बिअर) मागा, कोणी हसणार नाही.

खरा बिघाड वेगळा असतो: व्हिनेगरसारखा आंबट वास. पिंप उघडल्यावर आत हवा शिरते, त्यामुळे ते साधारण तीन दिवसांत संपायला हवं. दोन घोटांतच सांगा, चांगला पब मुकाट्याने बदलून देतो. अर्धा ग्लास रिचवून केलेली तक्रार कोण ऐकेल? आणि दुपारी पब ओस असताना आठ हातपंप दिसले, तर ‘सध्या कुठली जास्त खपतेय?’ हे आधी विचारा, म्हणजे ताजी मिळेल.

चार बिअर चाखायच्या म्हणून चार पाइंट मागवू नका. पाइंट म्हणजे ५६८ मिली. बऱ्याच पबांत एक तृतीयांश पाइंट, म्हणजे सुमारे १८९ मिली, मिळतो. नसेल तर हाफ घ्या. सौम्य ते कडक असा क्रम ठेवा आणि रंगावर जाऊ नका: काळपट ‘माइल्ड’ प्रकारच्या बिअरमध्ये अल्कोहोल बहुधा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, तर फिकट ‘आयपीए’ प्रकारची सहाची असू शकते. आकडा पंपावरच्या पाटीवर लिहिलेला असतो. घाईने सहावाली आधी प्यायलात, तर पुढची सौम्य बिअर पाणचट लागणारच.

‘स्टेक अँड एल पाय’ या कणकेच्या आवरणातल्या पदार्थात बीफ असतं. बीफ न खाणाऱ्यांनी ग्रेव्ही आणि चिप्सचंही (बटाट्याचे तळलेले काप) विचारावं, काही ठिकाणी तळण बीफच्या चरबीत असतं. कडक शाकाहाऱ्यांनी बिअरचंही विचारावं: पुष्कळ कास्क एल माशाच्या वाताशयापासून काढलेल्या आयझिंग्लासने निवळतात.

काउंटरवर टिपची अपेक्षा नसते.

नळाचं पाणी फुकट मिळतं, ते मागायला लाजू नका.

गाडी चालवणाऱ्याने लाइम अँड सोडा घ्यावा. अल्कोहोलची मर्यादा १०० मिली रक्तात इंग्लंडमध्ये ८० मिलिग्रॅम असली, तरी स्कॉटलंडमध्ये ५० आहे.