गळ टाकायची वेळ तिथीवरून काढा

सुट्टीत रेवदंड्याला कुंडलिका नदीच्या मुखाशी गळ घेऊन पोचावं, तर नेमकी ओहोटी! रेंज नसली तरी भरतीची वेळ दिनदर्शिकेवरून काढता येते.

१. त्या दिवशीची तिथी पाहा. शुद्ध असो वा वद्य, मोजायचं प्रतिपदेपासून.
२. तिथीची पाऊणपट करा. षष्ठी असेल तर साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. मालवणकडे भरती साधारण तासभर आधी येते.
३. त्याच्या दोन तास आधी गळ टाका. चढत्या पाण्याबरोबर मासा खाडीत शिरतो. आमिषाला बाजारातली ताजी कोळंबी पुरते.

मुलं बरोबर असतील तर सप्तमी-अष्टमी गाठा. पाणी संध्याकाळी भरतं आणि भांगाचं, म्हणजे कमी चढउताराच्या भरतीचं, असल्यानं ओढही कमी. उधाणाइतका मासा लागत नाही, पण पोरांना त्याचं काय!

शिंगाळा मासा लागला तर हाताने धरू नका. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. पक्कड जवळ ठेवा, नाहीतर सरळ दोरी कापा.