जुन्नरच्या विहिरी समुद्रात

जुन्नर तालुक्यातल्या विहिरींची जीपीएस यादी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, तर सगळे ठिपके नॉर्वेच्याही उत्तरेला, भर समुद्रात! एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश, मी १९.२ एक्समध्ये भरलं होतं, ७३.९ वायमध्ये. 'अक्षांश-रेखांश' म्हणायची सवय नडली. अदलाबदल केली, विहिरी घरी आल्या.

खरा ताप पुढेच. ५०० मीटरचा बफर (प्रत्येक विहिरीभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ) काढला, तर अख्खा नकाशाच झाकला गेला. विहिरींचा लेयर ईपीएसजी ४३२६ या अक्षांश-रेखांशाच्या निर्देशांक पद्धतीत, म्हणजे एकक अंश; माझे ५०० म्हणजे ५०० अंश झाले. आणि अक्षांशाचा एक अंश जवळपास १११ किलोमीटर! आधी 'सेट लेयर सीआरएस' (सीआरएस म्हणजे निर्देशांक पद्धत) करून बसलो. त्याने नुसती पाटी बदलते, आकडे तेच राहतात. मग आकडेच बदलणाऱ्या 'रीप्रोजेक्ट लेयर'ने ईपीएसजी ३२६४३ (यूटीएम ४३ उत्तर, एकक मीटर) केलं, बफर पुन्हा काढला. मोजपट्टी लावली: व्यास बरोबर एक किलोमीटर.