जांभळी नाणी शंभरच्या शंभर कशी गोळा करावीत?

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नसते. कूलरसमोर सतरंजी टाकून मी आणि माझा भाचा ‘सुपर मारिओ ओडिसी’ हा व्हिडिओ गेम खेळत बसतो. परवा त्यानं विचारलं, “मामा, वाळवंटातली नाणी शहराच्या दुकानात काहून नाही चालत?” ह्याचं उत्तर नीट समजलं की नाणी गोळा करायची रीतही समजते.

2017 साली निन्टेन्डो स्विच ह्या गेम खेळायच्या यंत्रावर आलेल्या ह्या खेळात दोन तऱ्हेची नाणी आहेत. पिवळी सगळीकडे चालतात. जांभळी फक्त खेळातल्या ज्या राज्यात, म्हणजे भागात, सापडली तिथंच. त्यांचा आकारही राज्यागणिक बदलतो. वाळवंटात उलटा पिरॅमिड, बर्फात हिमकण, समुद्रकाठी शिंपला, खलनायक बाउझरच्या राज्यात कोबान, म्हणजे जुनं लांबट जपानी नाणं. काही राज्यांत 50, काहींत 100, अशी 13 राज्यांत मिळून 1000 नाणी आहेत.

भाच्याला मी आपल्याच गावचा दाखला दिला. भोसल्यांच्या काळी नागपुरी रुपया वेगळा होता, निजामाचा रुपया वेगळा. एका मुलखाचं नाणं दुसऱ्या मुलखात चालवायचं तर सराफ बट्टा कापून घ्यायचा. खेळात तेवढीही सोय नाही, बदलून देणारा सराफच नाही. म्हणून जिथली कमाई तिथंच खर्च करायची.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. नव्या राज्यात उतरलात की लगेच नाण्यांमागे पळू नका. आधी तिथली मुख्य कथा पुरी करा. त्यात अर्धं राज्य पालथं घालून होतं आणि वाटेत बरीच नाणी आपसूक मिळतात. एकदा घेतलेलं जांभळं नाणं पुन्हा उगवत नाही, त्यामुळे जे दिसतंय ते उरलेलंच, हे पक्कं धरून चाला.

मग उंच जागा गाठा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. वर उभं राहून फोटो काढायचा मोड लावा. खेळ जागच्या जागी थांबतो, कॅमेरा हवा तसा फिरवता येतो, जवळ आणता येतो. घाईनं नजर फिरवू नका. एकेक भिंत, एकेक कठडा घ्या, आणि भिंतीचा मागचा अंग, छपराची कड, पुलाखालची बाजू विसरू नका. शहराच्या राज्यात आमची 97 झाली होती आणि तीन काही केल्या मिळेनात. दोन दिवस रस्ते धुंडाळले. शेवटी भाच्यानंच गच्चीवरून कॅमेरा खाली वळवला आणि म्हणाला, “मामा, ते पाहा, जांभळं!” कठड्याच्या बाहेरच्या अंगाला तिन्ही नाणी ओळीनं लागलेली होती. ही नाणी बहुतेक अशीच घोळक्यानं असतात. एक दिसलं की आजूबाजूला बाकीची शोधाच.

हात पोचत नसेल तर टोपी फेका. कॅपी, म्हणजे मारिओची ही टोपी, नाण्याला लागली तरी नाणं आपलं होतं. दरीवर लटकलेल्या नाण्यासाठी उडी मारायलाही भिऊ नका. पडलात तर 10 पिवळी नाणी जातात, जांभळ्यांना धक्का लागत नाही. लहान मूल खेळत असेल तर असिस्ट मोड लावून द्या. त्यात तीनऐवजी सहा हृदयं मिळतात आणि वाट दाखवणारे बाणही दिसतात.

भिंतीवर चित्रासारखा सपाट होऊन मारिओ धावतो, ते भाग पुन्हा एकदा तपासा. पाइपमधून उघडणाऱ्या लहान खोल्याही बघा. बाहेरून कितीही पाहिलं तरी तिथली नाणी दिसणार नाहीत. किती झाली आणि एकूण किती, हे नकाशा उघडला की कळतं.

खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी त्या राज्याचा पोशाख, टोपी आणि अंगरखा दोन्ही. वाळवंटातला सोम्ब्रेरो आणि पोंचो घालून गेलं तरच एका दारातून आत सोडतात, आणि आत पॉवर मून, म्हणजे मारिओचं जहाज चालवायला लागणारा चंद्र, असतो. शहरात बांधकाम मजुराचा, बर्फात थंडीचा पोशाख असाच कामी येतो. मारिओच्या उडत्या जहाजावर लावायचे स्टिकर आणि आत मांडायच्या वस्तू मागाहून घ्या. त्यांनी जहाज सजतं, वाट उघडत नाही.