लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात काळी समुद्रकाकडी कशी ओळखाल?

ओहोटीला निघा आणि गुडघाभर पाण्यात खडक सोडून मोकळ्या वाळूकडे बघा. काळी समुद्रकाकडी, म्हणजे होलोथुरिया अट्रा हा काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी, तिथे उघड्यावरच पडलेली असते, साधारण वीतभर लांब, पांढऱ्या वाळूने माखलेली. खरी खूण पाठीवर: वाळू न चिकटलेल्या काळ्याभोर गोल ठिपक्यांच्या दोन ओळी. मी तर तिथेच वाकून ते ठिपके बघत राहतो, इतके ते देखणे. अंगावर वाळू नाही आणि मागचं अंग खडकाखाली दडवलंय? मग ती बहुधा होलोथुरिया ल्यूकोस्पायलोटा, समुद्रकाकडीची दुसरी जात. अट्राची कातडी चोळली की लाल रंग सुटतो, पण ही परीक्षा कृपा करून घेऊ नका. २००१ पासून भारतातल्या सगळ्या समुद्रकाकड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. शेजारी वाळूच्या वळकट्या दिसतील, ती तिची विष्ठा. पाऊल जपून टाका.