औषध पाजलेलं लाकूड किती टिकेल? खुंट्या पुरून बघा

कुंपणाचे डांब घेताना त्याच लाकडाच्या फूटभर लांब खुंट्या मागा: पाच औषध पाजलेल्या, पाच कोऱ्या. एखादी औषधाची खुंटी मधोमध कापून बघा. तांबंयुक्त औषधाचा हिरवट रंग नुसता कडेला दिसला, तर औषध आत मुरलेलंच नाही.

बाकीच्या खुंट्या वाळवी असलेल्या ओलसर जागी अर्ध्या जमिनीत, अर्ध्या वर अशा हातभर अंतराने मिसळून पुरा. (या रीतीला चक्क ‘ग्रेव्हयार्ड टेस्ट’ म्हणतात.) पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने नंबर कोरून ठोका, पेनाचा आकडा पहिल्याच पावसात जातो.

दर सहा महिन्यांनी उपटून माती पुसा आणि जमिनीलगतच्या पट्ट्यात दाभण खुपसून उचका. ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात, म्हणून कुज तिथूनच लागते. लांब, चिवट ढलपी निघाली तर लाकूड धड आहे. तुकडा कटकन तुटून आला तर बुरशी शिरलीय. बघून झालं की त्याच खड्ड्यात परत रोवा.

कोऱ्या खुंट्याही धडधाकट निघाल्या तर औषधाला शाबासकी देऊ नका, जागा बदला. औषधाचे तुकडे मात्र चुलीत घालू नका. काहींत आर्सेनिक असतं.