'टेबल' या क्रियापदाचा अर्थ लावताना या चुका टाळा

इंग्रजीतील 'टेबल' हे क्रियापद आले की नवा अनुवादक हमखास घसरतो, कारण शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून पुढे जाण्याची त्याला घाई असते. ब्रिटिश वापरात 'टेबल करणे' म्हणजे प्रस्ताव चर्चेसाठी मांडणे, तर अमेरिकी वापरात त्यावरची चर्चा थांबवून तो बाजूला ठेवणे. मूळ एकच, लॅटिन 'टाबुला', म्हणजे फळी. कागद मेजावर ठेवला इथपर्यंत दोघांचे एकमत आहे. तो वाचायला ठेवला की पडून राहायला, यावर सारे बिनसते.

मीही यात फसलो आहे. एका अमेरिकी संस्थेच्या बैठकीचे इतिवृत्त मराठीत आणताना 'द मोशन वॉज टेबल्ड' याचे मी बेधडक 'प्रस्ताव मांडण्यात आला' असे केले. दोनच ओळी वर तो मांडल्याची आणि त्याला अनुमोदन मिळाल्याची नोंद होती, खाली मतदानाचा उल्लेखही नव्हता. तरीही द्विरुक्तीचा दोष मी इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या माथी मारला. अनुवाद वाचून एका सदस्याने त्या प्रस्तावावर तीन पानी हरकत पाठवली, तेव्हा तो केव्हाच गुंडाळून ठेवला होता हे मला कळले. तेव्हापासून कागद कोणत्या देशातला आहे हे आधी पाहतो आणि मागचापुढचा मजकूर वाचल्याशिवाय या शब्दाला हात लावत नाही. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांत बराच वेळ कडाक्याचा वाद झाला आणि अखेर दोघांनाही एकच गोष्ट हवी असल्याचे उघड झाले, असे चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे.

अमेरिकी अर्थ ठरला म्हणून लगेच 'तहकूब' लिहू नये. 1876 मध्ये प्रथम निघालेल्या, हेन्री रॉबर्ट या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या सभानियमांच्या पुस्तकाच्या परंपरेत 'टेबल' करण्याचा ठराव विषय तात्पुरता बाजूला ठेवण्यासाठी असतो. अमेरिकी प्रतिनिधिगृहात मात्र त्यानेच प्रस्ताव कायमचा निकालात काढतात.

कॅनडाच्या संसदेत ब्रिटिश अर्थ चालतो, हे विसरू नये. अमेरिकी अर्थाला अशुद्ध म्हणू नये.

मराठीत 'प्रस्ताव टेबल केला' असे लिहिणे हा निव्वळ कामचुकारपणा आहे, कारण त्यामुळे आपली अडचण वाचकाच्या गळ्यात पडते. स्वतः इंग्रजीत लिहिताना मी हे क्रियापद वापरतच नाही. 'प्रपोज' किंवा 'पोस्टपोन' लिहितो.