कापसाची पट्टी हातात आली की प्रार्थना का सुटते, आणि ती कशी टिकवावी

मृगात पाऊस दडी मारून बसला की प्रार्थना कर म्हणून कोणाला सांगावं लागत नाही. ती सुटते दिवाळीनंतर. कापूस जिनिंगला जातो, विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी आणि पैसे हातात येतात, उसनवारी फिटते, आणि चर्चमधल्या रविवारच्या भक्तीच्या वेळी नेमक्या वेचायला बाया लावलेल्या असतात. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना बजावतो तेही पोट भरल्यानंतरच्या दिवसांबद्दलच. म्हणून नेम असा धरा, जो सुगीत वाढवावा लागणार नाही आणि नापिकीत झेपणार नाही असंही होणार नाही.

सकाळी शेतावर निघण्याआधी पंधरा मिनिटं पुरतात. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, एक परिच्छेद वाचा, मग प्रार्थना. 15 जूनला स्तोत्र 1 धरा, रोज एक. 119वं स्तोत्र 176 वचनांचं आहे, पण त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग पडतात; तिथं रोज एकच भाग घ्या. असं केलं की 171 दिवस लागतात आणि 2 डिसेंबरला 150वं स्तोत्र येतं. पेरणी, डवरणी, फवारणी, पहिला वेचा, सगळं मधे येऊन जातं. एक जानेवारीला उत्पत्ती या बायबलाच्या पहिल्या पुस्तकापासून रोज तीन-तीन अध्याय धरणाऱ्यांची गाडी बहुधा लेवीय या तिसऱ्या पुस्तकात रुतते. दिवस चुकला तर मागचं साचवून वाचू नका, त्या तारखेचं स्तोत्र धरा.

आपलं बरं चाललंय आणि वाचायला विलापाचं स्तोत्र आलं, तर ते ज्याच्या पऱ्हाटीत बोंडअळी शिरली त्याचं नाव घेऊन वाचा.

वाईट दिवसांत प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत. तेव्हा 13वं स्तोत्र वापरा, सहाच वचनं आहेत: आधी गाऱ्हाणं, मग मागणं, मग भरवसा. वहीत तीन ओळी लिहा. गाऱ्हाण्यात ‘अडचण आहे’ असं मोघम नको. सोयाबीन पिवळं पडलं, सोसायटीचे इतके रुपये मार्चअखेर भरायचेत, असं आकड्यासकट लिहा. भरवशाची ओळ आतून येत नसेल तर ती जागा कोरी ठेवा. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

‘एवढं पीक दे, मग एवढं देईन’ ही बोली मात्र करू नका. पीक बुडालं की विश्वासही त्याच सौद्यात बुडतो. आणि नापिकी झालेल्याच्या घरी जाऊन ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असं तर मुळीच म्हणू नये. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. त्यापेक्षा डबा न्या, निंदणाला एक दिवस हात लावा.

एखादा जगणं नको म्हणत असेल तर नुसती प्रार्थना करून घरी परतू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवा, डॉक्टरकडे न्या; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास लागतो. बायबलातल्या एलिया संदेष्ट्यानं मरण मागितलं तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर-पाणी दिलं आणि झोपू दिलं. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या घेणं हा अविश्वास नाही.

चांगल्या दिवसांचं काम पट्टीच्या दिवशीच उरकायचं असतं. बियाणं, खत, मजुरी, वेचाई वजा करा, उरलेल्यातला दशांश त्याच संध्याकाळी वेगळ्या पाकिटात घाला. आठवडाभर थांबलात की ते पैसे लग्नाच्या आहेरात जातात. चर्चचे काही पाळक दशांश एकूण रकमेवर धरतात. ते त्यांच्याशी बोलून ठरवा, पण कर्ज काढून दान देऊ नका. मग 103वं स्तोत्र वाचा आणि जूनमधली वही काढा. तेव्हाच्या गाऱ्हाण्यांपुढं काय झालं ते तारखेसकट लिहा; जे मिळालं नाही तेही. घरच्यांसमोर वाचून दाखवा, पोरांना त्यांच्या ओळी घालू द्या.

हे एकट्यानं फार दिवस चालत नाही. चर्चच्या मंडळीतल्या दोन घरांनी मिळून गुरुवारी रात्री जेवणानंतर अर्धा तास बसावं, वेचणीच्या धांदलीतही. कोणी सलग दोनदा आलं नाही, तर तिसऱ्या गुरुवारी बैठक त्याच्याच घरी घ्यायची.